क्रांतीवहिनीचं रडं

या, असे पुढे सरका. भिंतीला टेकून ऐकणाऱ्याला गोष्ट अर्धीच लागते, आणि ही अर्धी ऐकण्यासारखी नाही. मांडी घाला, फोन पालथे ठेवा. कीर्तनात बुवा आधी देवाचं सांगतात, मग माणसाचं. आज माझ्यापाशी नुसतं माणसाचं आहे. एका पोरीचं, जिचा चेहरा तुम्ही सगळे ओळखता. ऐकता ऐकता हात जोडावेसे वाटले तर खुशाल जोडा, इथे कुणी हसणार नाही.

सांगलीत, विश्रामबागेत, बाळासोंच्या साडीच्या नव्या दुकानाचं उद्घाटन होतं आणि फीत कापायला सिनेमातली राजनंदिनी आली होती. मार्चचं ऊन, रस्त्याच्या कडेला मांडव, स्पीकरवर सनई. फीत कापून झाली, नारळ फुटला, पेढा झाला, बाळासोंच्या घरच्यांनी एकेक करून तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतले. मग माइक हातात आला, आणि ती सांगलीच्या भडंगाबद्दल काहीतरी गोड बोलणार एवढ्यात काउंटरमागची एक मुलगी ओरडली, "म्याडम, त्ये फोनचं रडून दावा की! एकदाच!" लगेच मांडवभर झालं, "व्हय व्हय, फोनचं! फोनचं!" बाळासो कानाशी येऊन हळूच म्हणाले, "तेवढं कराच मॅडम. निम्मी माणसं त्याच्यासाठीच आल्यात." ती हसली, नको नको म्हणाली, आणि मग तिनं केलं. त्याला आता वेळ लागत नाही. मान जराशी डावीकडे पडते, उजवा हात हवेत काहीतरी चाचपतो, मग तो तळवा मांडीवर आपटतो आणि आवाज घशातून नाही, त्याच्याही खालून कुठून तरी फाटत वर येतो. "करा की वो फोन! आता उचलते मी! एकदा करा!" डोळ्यांतून पाणी आलं. खरं पाणी. ते नेहमीच खरं असतं. शिट्ट्या झाल्या, टाळ्या झाल्या, पोरांनी उंच धरलेल्या फोनांतून तीच रडताना लहान लहान दिसली. तिनं बोटाच्या टोकानं, काजळ न फिसकटू देता, डोळे टिपले आणि हसली. आणि त्या हसण्याच्या मधोमध, मांडवाच्या कडेला भाजीची पिशवी घेऊन उभी असलेली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "शुभकार्याला रडत्यात व्हय गं? आनि कुणाचं रडं हाय ह्ये?" लोक हसले. म्हातारी हसली नाही. तिला खरोखरच उत्तर हवं होतं. मेलेल्याचं नाव कळलं तर आपणही दोन शब्द हळहळावं, अशा सरळ मनानं तिनं विचारलं होतं. राजनंदिनीच्या तोंडात पेढ्याचा कण होता, तो तिथेच राहिला.  कुणी म्हातारीला बाजूला केलं, कुणी म्हणालं, "आजी, शिनिमातलं हाय त्ये." म्हातारी म्हणाली, "आसंल. पर कुणाचं तरी आसंलच की."

गाडीत बसल्यावर जयराजनं आरशातून विचारलं, "सातारा ना मॅडम?" साताऱ्याला तिच्या जुन्या कॉलेजात संध्याकाळी सत्कार होता. जिथं तिनं पहिल्यांदा तोंडाला रंग लावला तिथलंच स्टेज, तेच प्राध्यापक. ती हो म्हणाली. आयर्विन पुलापाशी गाड्या अडकल्या होत्या, खाली कृष्णा उन्हानं आटून खडकांच्या कडेनं चालली होती, आणि ती अचानक म्हणाली, "जयराज, माघारी घे. तासगावला जायचंय." जयराज हा मेढ्याचा, डोंगरातला माणूस, प्रश्न विचारणं त्याला उद्धटपणा वाटतो, तो फक्त म्हणाला, "सत्काराला उशीर हुईल." ती म्हणाली, "होऊ दे." म्हणताना आपला आवाज छान लागला, हेही तिच्या लक्षात आलं. आणि तिला स्वतःची शिसारी आली. अशी शिसारी तिला अलीकडे दिवसातून कितीदा तरी येते. दुःखातसुद्धा तिचा एक कान स्वतःकडे लागलेला असतो. ती रडते आणि तो कान म्हणतो, वा.

हे असं कधीपासून झालं ते ती शोधत राहते. पहिला सिनेमा वाईच्या घाटावरचा. त्यात तिचं काम एवढंच, की पितळी घागर काखेत घेऊन पायऱ्या चढायच्या आणि नायक समोरून आला की बाजूला व्हायचं. ती अकरावीत होती. आईनं डब्यात चपाती-भेंडी दिली होती, आणि घागर रिकामी असल्यामुळे ती पुन्हा पुन्हा हलकी चालत होती. कुणीतरी ओरडलं, "ए घागरवाली, पाणी हाय आसं समज की!" तिनं समजलं. खांदा झुकला, पावलं जड झाली, आणि खरंच काखेतून थंड ओल कमरेवर उतरल्यासारखी वाटली. नसलेलं पाणी अंगावर सांडतं हे तिला त्या दिवशी कळलं, आणि एवढा आनंद तिला परत कधी झाला नाही. त्या वेळी त्यात कुणाचं काही घेतलेलं नव्हतं. दुसरा सिनेमा नायकाच्या मुक्या बहिणीचा. संवाद एकही नाही. कॅमेरा दुसऱ्यांवर, ही मागे धुरकट. शब्द नसल्यामुळे ती बघायला शिकली. चहा पिताना बाई कपाची कड कशी पुसते, खोटं बोलणारा माणूस कुठल्या पायावर भार देतो, सासूसमोर सून पदर कुठल्या बोटानं ओढते, ती बघायची आणि ठेवून द्यायची. घरी गेली की आई म्हणायची, "अगं, काय टक लावून बघतीस माझ्याकडं? मी काय पिक्चर हाय?" ती हसायची. तोवर ते हसण्यासारखंच होतं.

आणि मग शिवतेज गेला. शिवतेज म्हणजे तिचा चुलतभाऊ, शिवादादा. कडेगावच्या बाजूला त्यांचं गाव, एकाच अंगणात दोन घरं, पुढं ऊस. गावातल्या निम्म्या घरांत पोरगा फौजेत, तसा हाही. डोंगराळ रस्त्यावर गाडी दरीत गेली. गोळी नाही, लढाई नाही. तिरंग्यात गुंडाळून आणला तेव्हा ती साताऱ्याहून पहिल्या एसटीनं आली होती आणि अंगणात खांबाला धरून उभी होती. शिवादादानं तिला सायकल शिकवली होती, आणि तिच्या नाटकाला कॉलेजात येऊन शेवटच्या रांगेतून, चुकीच्या जागी, टाळ्या वाजवल्या होत्या. तिला रडू येत होतं. पण त्याच वेळी खाली मातीत बसलेली क्रांतीवहिनी, त्याची बायको, बोलत होती, आणि राजनंदिनीचं रडू कुठेतरी अडलं आणि ती बघायला लागली. मान डावीकडे गेली. उजव्या हातानं काहीतरी चाचपलं. तळवा मांडीवर आपटला. ती बघत होती, म्हणजे नुसती बघत नव्हती. ठेवून देत होती. आपण काय करतोय हे तिला तेव्हाच कळलं होतं. पुढे कितीदा तिनं स्वतःला समजावलं की दुःखानं माणूस दगड होतो, डोळे उघडे राहतात, त्यात इच्छा नसते. पण इच्छा होती. बारीक, थंड, मुंगीएवढी, पण होती.

आपल्याकडे बाया नुसत्या रडत नाहीत हे तुम्हाला सांगायला नको. गेलेल्याचे गुण काढून रडतात, सूर धरून, बोलून. त्या बोलण्यात सगळं येतं. त्यानं आणलेली चोळी येते, त्यानं मारलेली चापट येते, सासूनं उपाशी ठेवलेली रात्र येते, स्वतःची चूक येते. जे उभ्या जन्मात बाई बोलत नाही ते त्या एका घटकेत अंगणात मोकळं होतं. आणि म्हणूनच एक नियम आहे, कुठे लिहिलेला नाही पण सगळ्या बाया पाळतात. गावातली रंगुबाई, जी प्रत्येक मयताला पहिला सूर धरते, पोरींना सांगायची, "रडं आंगनातच ऱ्हातं गं. पाय धुतलं की सोडायचं. रड्यातलं बोलनं उंबऱ्याभाईर न्हेऊ नये." दुसऱ्या दिवशी त्याच बाया एकमेकींच्या शेजारी शेतात तण भांगलायला बसतात आणि कालच्या ऐकल्यातला एक शब्द काढत नाहीत. देवापुढे बोललेलं जसं देवाशी राहतं, तसं ते. क्रांतीवहिनीच्या रड्यात त्या दिवशी एक गोष्ट आली. शिवतेजनं वहिनीच्या बहिणीच्या लग्नाला रजा काढून येतो म्हणून तिला वचन दिलं होतं, ती रजा त्यानं दुसऱ्या एका पोराला दिली, वहिनी रुसली. आणि शेवटच्या दिवशी त्याचा फोन वाजत राहिला आणि तिनं तो उचलला नाही. पिठाचे हात पुसून ती फोनकडे बघत उभी राहिली होती; अजून एकदा करू दे, मग उचलते, म्हणून. हे तिथल्या बायांनी ऐकलं. पुरुष वेशीपाशी होते. सासू, म्हणजे राजनंदिनीची काकी भामाबाई, शुद्ध हरपून आतल्या खोलीत होती. रंगुबाईनं नुसता वहिनीच्या पाठीवर हात फिरवला. पाय धुतले, आणि सगळ्या बायांनी ते तिथेच सोडलं.

राजनंदिनीनं सोडलं नाही. तिला नियम ठाऊक नव्हता असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. ठाऊक होता. दिग्दर्शिका माया, तिसऱ्या सिनेमाची, पुण्यात एका रिकाम्या हॉलमध्ये खुर्ची उलटी करून बसली होती आणि म्हणाली होती, "सैनिकाची बायको आहे. बातमी आली आहे. संवाद मी लिहिलेत पण ते मेलेले आहेत. तुझ्याकडे काही असेल तर दे." तुझ्याकडे काही असेल तर. राजनंदिनी जमिनीवर बसली. मान डावीकडे. हात. तळवा. आणि मग ते शब्द. जसेच्या तसे नाही, जरा घडवलेले, कारण खऱ्या रड्यात ते विस्कटलेले असतात आणि तिला वाक्य पाहिजे होतं. करा की वो फोन.  मायानं डोळे पुसले आणि विचारलं, "हे कुठून आणलंस?" त्या क्षणी ती खरं बोलू शकली असती. माया भली बाई होती, तिनं कदाचित दुसरं काही शोधलं असतं. पण राजनंदिनी म्हणाली, "सुचलं मला." एवढंच. तो शब्द नंतर तिनं कितीतरी ठिकाणी वापरला. मुलाखतीत, बक्षीस घेताना, कौतुकानं हात धरणाऱ्या बायांना. सुचलं. दरवेळी तो म्हणताना घशात उजव्या बाजूला काहीतरी टोचतं, माशाच्या काट्यासारखं. तिनं डॉक्टरलाही दाखवलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, बोलणं कमी करा.

"मॅडम, कवलापूर गेलं," जयराज म्हणाला. "चहा घ्यायचा?" तिनं नको म्हणून मान हलवली. दोन्ही अंगांना द्राक्षांचे मांडव, पानं करपायला आलेली, मधेच हिरव्या जाळ्या लावलेल्या बेदाण्याच्या शेड. वाऱ्याबरोबर बेदाण्याला धुरी दिलेल्या गंधकाचा वास आत आला आणि त्याच्या मागून दाट गोडवा. तिला कराडचं थिएटर आठवलं. सरपंचांनी एसटी ठरवून अख्खं गाव सिनेमाला नेलं होतं. आपल्या शिवतेजवरचाच सिनेमा आहे असं गावात झालं होतं आणि भामाबाईकाकी नवं लुगडं नेसून आली होती. राजनंदिनी त्यांच्याच रांगेत बसली होती, टोकाला. मधे काकी, रंगुबाई, चारदोन बाया, आणि पलीकडे क्रांतीवहिनी. ती जागा जसजशी जवळ यायला लागली तसा राजनंदिनीच्या हातातला रुमाल घामानं भिजला. मनात ती म्हणत होती, ओळखणार नाही, बदललंय मी, नवऱ्याचं नाव वेगळं आहे, घर वेगळं आहे. मग पडद्यावर तिनं मान डावीकडे टाकली. रांगेतल्या बाया, ज्या त्या दिवशी अंगणात होत्या, सगळ्या एकदम ताठ झाल्या. कुणी एकमेकींकडे बघितलं नाही. रंगुबाईनं पदर तोंडावर ओढून घेतला. बाकी थिएटर रडत होतं, मागचे पुरुषसुद्धा नाक ओढत होते. त्या एका रांगेत तेवढं कोरडं होतं. आणि काकी, जिनं अंगणातलं काही ऐकलं नव्हतं, तिनं पडद्यावरून नजर काढून हळूहळू सुनेकडे वळवली. अंधारात राजनंदिनीला काकीचं तोंड दिसलं नाही. नुसतं डोकं वळलेलं दिसलं. अजूनही झोप लागता लागता तिला ते वळणारं डोकं दिसतं.

पुढचं तिला आईनं फोनवर सांगितलं, इकडचं-तिकडचं सांगता सांगता, जसं एखादं ढेकूळ बाजूला सारावं तसं. परतीच्या एसटीत काकीनं पुढच्या सीटवरून मागे न बघता विचारलं होतं, "उचलला न्हाईस व्हय गं?" आणि वहिनी म्हणाली होती, "न्हाई."  काकीनं त्या दिवसापासून सुनेशी बोलणंच सोडलं. दोघी एका चुलीपाशी, आणि मधे ते. मग वहिनीचे वडील तासगावहून मोटरसायकलवर आले आणि लेकीला घेऊन गेले. आई म्हणाली होती, "तुझी काय चूक न्हाई राजी. तुला सुचलं, तिच्या नशिबात जुळलं." आई अंगणात होती. आईनं ऐकलं होतं. आणि आईसुद्धा नियम पाळत होती, लेकीशीसुद्धा. ह्या माफीइतकं जड तिनं दुसरं काही उचललेलं नाही.

तासगावच्या गणपतीचं गोपूर मागे पडल्यावर एका टपरीवर विचारलं तेव्हा क्रांतीवहिनी कामाला जाते ती बेदाण्याची शेड सापडली. पत्रा, जाळ्या, आत सावली. खाली ताडपत्रीवर बेदाण्याचे ढीग आणि भोवती बाया, तोंडाला फडकी बांधून, काडी-कचरा निवडत. राजनंदिनी दारात उभी राहिली. तिच्या अंगावर उद्घाटनाची रेशमी साडी होती, केसात गजरा. ती तिथं इतकी विजोड दिसत होती की क्षणभर तिला वाटलं, आपल्याला बाहुलीसारखं कुणी आणून ठेवलंय.

"कोन पायजे?" एकीनं विचारलं, आणि मग फडकं खाली ओढलं. "आगं बया! क्रांते, हिरवीन आलीया की तुज्याकडं!"

बाया हसल्या, सरकल्या. ढिगाच्या पलीकडून दोन डोळे वर आले. वहिनीनं फडकं काढलं नाही. "या वन्सं," ती म्हणाली. "खुर्ची न्हाई हितं. त्या क्रेटवर बसा. साडी संबाळा, समदं चिकटतंय."

"वहिनी, बऱ्या आहात?"

"बरी हाय की. आई, वन्सं आल्यात, पानी दे." कोपऱ्यातून मनुबाई, वहिनीची आई, तांब्या घेऊन आली, ठेवला, आणि काही न बोलता परत जागेवर जाऊन निवडायला लागली. वहिनीनं ओंजळभर बेदाणे पुढे केले. "खावा. वास येतोय, पर ग्वाड हाईत."

तिनं एक तोंडात टाकला. "वहिनी, मी तुमच्याकडे..."

"थांबा," वहिनी म्हणाली. "माफी मागू नगासा. तुमी लय ब्येस मागशीला, आनि मी पाघळंन. मग मला कळायचं न्हाई, खरी हुती का त्यातली." तिनं हे रागानं म्हटलं नाही. हात चालूच होते. काडी वेगळी, खडा वेगळा. बायांपैकी एक हसली, मग तिचं तिलाच उमजलं आणि गप्प झाली.  माफीची वाक्यं राजनंदिनीनं गाडीत जुळवली होती. चांगली होती. त्यातल्या एका वाक्यापाशी आवाज तुटणार होता, तेही ठरलं होतं.

"तुमाला वाटतंय मी आत्तीमुळं घर सोडलं," वहिनी म्हणाली. "तसं न्हाई. आत्ती लेकाची आई हाय, तिनं आबोला धरला तर धरंना. मी न्हाई उचलला फोन, त्ये खरंच हाय. तिला आज ना उद्या मीच सांगनार हुते. तुमी आदी सांगितलं, तिकीट लावून."

"वहिनी..."

"ऐका. माजा बा गेला, दिवाळी झाल्यावर. जोतीराम म्हनून. तुमी बगितलाय त्येला, लग्नात. लय बोलायचा न्हाई. भजनात बी मागं हुबा ऱ्हायचा, टाळ घिऊन; म्हनायचा, पुढं हुबारलो की देवाला वाटंल मी दिसाय आलोय. मला आनाय आला त्या दिवशी कराडचं कायबी इचारलं न्हाई. कोन काय बोललं, का बोललं, कायबी न्हाई. गाडीवर बसवली, निम्म्या वाटंत उसाचा रस पाजला आनि म्हनला, बर्फ नगं, घसा धरंल." वहिनीचे हात थांबले. "त्यो गेला तवा मी त्येच्या उशाला बसले. बाया जमल्या. मी थोरली, पहिला सूर माजा. मी तोंड उगडलं, आनि हात असा गेला." तिनं उजवा हात हवेत थोडा उचलला, आणि लगेच खाली घेतला, चटका बसल्यासारखा. "आनि मागं येक पोरगी हसली. लहान हुती, तिचा काय दोष? तिला वाटलं मी तुमची नक्कल करतीया. मी तोंड मिटलं ते मिटलंच. बा तसाच गेला. त्येच्यामागं कुनी रडलं न्हाई. आई तर त्येनं डोळं मिटलं तवाच मुकी झाल्याली." मनुबाईनं वर बघितलं नाही. "माजं रडं मला येत न्हाई आता, वन्सं. यायला लागलं की तुमचा आवाज येतोय."

शेडमध्ये माश्यांचा आवाज होता. बाहेर एक ट्रॅक्टर वळून गेला. राजनंदिनीला वाटलं आपण उठावं, जावं, सिनेमा सोडावा, गावभर ओरडून सांगावं. आणि वाटता वाटताच कळलं की हे सगळं पडद्यावर छान दिसेल. म्हणून तिनं काहीच केलं नाही. ती फक्त बसली, आणि किती तरी वेळानं तिचा हात ढिगाकडे गेला आणि तीही काड्या निवडायला लागली, अडाण्यासारख्या, हळू, चुकत.

"राजी," वहिनी एकदम म्हणाली. वन्सं नाही, लग्न होऊन आली तेव्हा शाळकरी नणंदेला मारायची तशी हाक. "तू खांबाला धरून हुबी हुतीस. मी रडत हुते, तरी मला दिसत हुतं. समद्या रडत हुत्या, तू बघत हुतीस."

"हो."

"तुजा भाऊ हुता गं त्यो. सायकल शिकवली त्यानं तुला. त्येच्यासाठी तू रडलीस कवा?"

तिनं आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं. पडद्यावर, हॉलमध्ये, स्टेजवर, आज दुकानाच्या पायरीवर. "नाही," ती म्हणाली. "तुमचंच रडले मी. माझं नाही."

"मग रड आता. हितंच. तुजं तू."

राजनंदिनीनं डोळे मिटले. शरीर शिकलेलं होतं, ते लगेच पुढे झालं; हनुवटी थरथरली, श्वास अडखळला, डोळ्यांत पाणी तयार. "त्ये न्हवं," वहिनी म्हणाली. तिनं पुन्हा केलं, लहान, आवरलेलं. "ह्येबी न्हवं." बायांचे हात आता थांबले होते. मग तिच्याकडे काही उरलं नाही. एकेक करून ठेवलेलं सगळं संपलं, आणि तिथं नुसती रिकामी जागा होती, आणि त्या जागेत तिला कुणी बघत नव्हतं, तिचा तो कानही नव्हता. भीती वाटली. आणि मग घशातून जो आवाज आला तो इतका कुरूप होता, करडू अडकल्यासारखा, की बाहेर गाडीपाशी बसलेला जयराज पाण्याची बाटली आणि काठी घेऊन धावत आला, "काय चावलं? साप-किरडू हाय का?" म्हणत, आणि मनुबाईनं, कितीतरी महिन्यांनी तोंड उघडून, त्याला सांगितलं, "भाईर बस बाबा. बायकांचं चाललंय."

वहिनी जागची उठली. ढिगातनं वाट काढत, बेदाणे तुडवत आली आणि राजीच्या गळ्यात पडली. वहिनीनं तोंडावरचं फडकं ओढून काढलं. तिचा हात कुठे गेला, मान कुठल्या बाजूला पडली, ह्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. दोघी दोन वेगळ्या माणसांसाठी रडत होत्या, एक भावासाठी आणि एक बापासाठी, आणि सूर एकमेकांत अडकत होते, सुटत होते. शेडमधल्या बायांनी एकेक करून साथ धरली. गेलेल्यांचे गुण निघाले, राग निघाले, चुकाही निघाल्या. त्या दोघी काय काय बोलल्या ते तिथल्या बायांनी ऐकलं. मलाही पुढे कळलं. पण ते मी सांगणार नाही. तासगावच्या त्या शेडबाहेर नळ आहे, तिथं सगळ्यांनी पाय धुतले आणि परत येऊन निवडायला बसल्या.

माफी झाली का, असं तुम्ही विचाराल. कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही. राजनंदिनी निघाली तेव्हा वहिनी एवढंच म्हणाली, "तोंड धू. आशी गेलीस तर त्यो ड्रायव्हर घाबरंल." साताऱ्याचा सत्कार हुकला.

शिवतेजचं तुम्हाला सांगायला नको. त्याच्या गावाच्या वेशीवर कमान आहे, तिच्यावर त्याचं नाव आहे, सव्वीस जानेवारीला हार पडतो. पण जोतीरामाला काही नाही. तो मागच्या रांगेत उभा राहिला, दिसायला आलोय असं देवाला वाटू नये म्हणून, आणि लेकीला रस पाजून काही न विचारता घरी आणलं, आणि त्याच्यामागं वेळेवर कुणी रडलं नाही. तेव्हा एवढं करा. उद्या कुठं कीर्तनाला बसाल, बुक्का कपाळाला लागेल, तेव्हा घटकाभर मान मागे वळवून शेवटच्या रांगेत टाळ धरून उभ्या असलेल्या माणसाकडे बघा, आणि मनातल्या मनात तासगावच्या जोतीरामाचं नाव घ्या.